थंडी वाजते, दार उघडा

हिवाळी कोटाच्या खिशात जुने टिश्यू सापडतात ना, तसे मला आमच्या रविवारच्या मराठी वर्गाचे किस्से सापडतात. एक ओढला की चार बाहेर! इथे परदेशात, स्टॅनमोरच्या एका चर्च हॉलमध्ये मी मुलांना मराठी शिकवते. दर हिवाळ्यात विषय ठरलेला, बर्फावर कविता. पूर्वी वाचताना हसून हसून पोट दुखायचं. गेल्या वर्षापासून जरा जपून हसते.

*

पहिला मान आरवचा. वय सात, ऐट सत्तरीची. मी फळ्यावर लिहिलं, "मला थंडी वाजते." स्वारीनं हात वर केला.

"मावशी, कुठे वाजते? डोअरबेल?"

वर्ग खो खो हसला आणि पठ्ठ्यानं तिथल्या तिथे कविता ठोकली:

"थंडी वाजते, दार उघडा,
नाही उघडलं तर ती रागावेल."

व्याकरण अगदी बरोबर होतं. मी मुकाट्यानं टिक केली.

*

अनन्यानं लिहिलं, "आजी गार झाली. आम्ही तिच्यावर चादर टाकली."

 भीतभीत तिच्या घरी फोन लावला, तर उचलला खुद्द आजींनी!

"अहो, हीटिंग बंद पडलंय नुसतं!"

*

आता ईरा. आठ वर्षांची. तिची आई गौरी पुण्याची, इथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ईराचं व्याकरण म्हणजे आनंदीआनंद. "बाबा आली, आई गेला!" मी तिच्या मागे हात धुऊन लागले.

"बाबा काय म्हणतात? मी आलो. आई काय म्हणते? मी आले."

"मावशी, हू केअर्स? ऐकणाऱ्याला कळतं ना!"

गौरीसुद्धा म्हणाली, "जाऊ दे हो मनीषाताई, बोलतेय तेच खूप आहे." पण मी कसली ऐकतेय! दर रविवारी आलो-आले, आलो-आले चालूच.

*

त्याच ईरानं कविता दिली:

"बर्फ गप्प असतो. तो ऐकतो.
तो आपला आवाज शिकतो.
मग तो घरी येतो."

"अय्या, बर्फाला 'तो' बरोबर लिहिलंस!" मी खूश. शाबासकी देऊन वही परत केली. कविता काय म्हणतेय ते घरी चहा पिताना डोक्यात शिरलं आणि अंगावर काटा आला.

*

पुढच्या शनिवारी सकाळी दणकून बर्फ पडला. दुपारी गौरीचा फोन, आवाज चढलेला.

"मनीषाताई, बास झालं तुमचं व्याकरण!"

झालं होतं असं. ईराचे बाबा कामावर. गौरी कोपऱ्यावर लावलेल्या गाडीची काच खरवडायला गेली. जाताना ईराला आतून चेन लावायला सांगितली. परत आली, किल्ली फिरवली, दार फटीएवढं उघडलं, पण ईरा चेन काढेना! फटीतून विचारते कशी, "आधी म्हण, तू काय? आलो की आले?"

"अगं, कुडकुडतेय मी इथे!"

"आलो की आले?"

"आले गं बाई, मी आले!"

तेव्हा कुठे चेन निघाली. "उद्यापासून ईराची मराठी बंद," गौरीनं जाहीर केलं. मला फार वाईट वाटलं. एवढी गोड पोर, आणि ती माझ्या हट्टापायी वर्गातून जाणार. कशीबशी समजूत घालून मी एक रविवार मागून घेतला.

रविवारी ईराला बाजूला घेतलं. "असं करतात का? आईला बर्फात उभं का ठेवलंस?"

ईरानं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आईच्या आधी पण आई आली होती ना. सेम आवाज. 'ईरू, दार उघड, थंडी वाजतेय.' मी चेन काढत होते, मावशी. पण मग ती म्हणाली, 'उघड ना, मी आलो.'"