रोज नवी गोष्ट लिहिणाऱ्या बाई

‘बसा हो बाई’ म्हटलं की त्या खुर्चीच्या कडेला टेकायच्या, आणि आपण वाक्य पुरं करायच्या आत पुन्हा उभ्या. विचारलं तर एकच उत्तर, ‘बसवत नाही हो सर.’ अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे काय ते तुम्हीही कधीतरी भोगलं असेल. आपण जरा पाठ टेकवली की गुन्हा केल्यासारखं वाटतं.

आमची शाळा हडपसरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. दोन खोल्या, चार वर्ग, एकतीस मुलं आणि दोन शिक्षक. त्यातला एक मी, मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे कुलूप उघडणारा, खिचडीचे तांदूळ मोजणारा आणि सगळ्या कागदांवर सही करणारा इसम. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती आणि ती शांतपणे काढायची असं मी ठरवलं होतं. त्या जूनमध्ये बाई आल्या आणि माझी शांतता गेली ती गेलीच.

त्या राहायला कात्रजला. बसने हडपसरच्या गाडीतळापर्यंत यायच्या आणि तिथून माझ्या स्कूटरवर. मला पाच मिनिटं उशीर झाला की या बाई थांब्यावर उभ्या नसायच्याच. पुढे चालत निघालेल्या असायच्या. ‘अहो, थांबायचं की,’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘थांबून काय करू? तुम्ही गाठणारच आहात.’ आणि स्कूटरवर बसल्या की मागून प्रश्न सुरू. ‘सर, दुसरीतल्या त्या जुळ्यांना वेलांटी कळली का हो?’ ट्रकच्या धुरात, सासवड रस्त्याच्या खड्ड्यांत मला वेलांटी कुठली आठवायला!

पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या मुलांचं वाचन तपासलं. मी पुस्तक पुढे केलं तर म्हणाल्या, ‘नको. धडे पाठ आहेत त्यांना.’ स्वतःच कोऱ्या कागदावर गोष्ट लिहिली. गोष्ट कसली, गावातलीच गंमत. कोणाची शेळी कोणाच्या कोथिंबिरीत शिरली, एवढीच. पण प्रत्येक मुलाला वेगळी, म्हणजे ऐकून पाठ करायची सोय नाही. चौथीत नऊ मुलं. त्यातली चार शेवटपर्यंत पोचली. बाकीची आपापल्या शेळीपाशीच अडकली.

‘बुजली असतील हो. तुम्ही नव्या आहात,’ मी म्हणालो.

‘बुजली नाहीत, सर. येत नाही म्हणा की सरळ!’

आता खरं सांगून टाकतो. मे महिन्यात या नऊच्या नऊ मुलांच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन उत्तम’ असं मीच लिहिलं होतं. वर पाठवायच्या तक्त्यातही सगळी मुलं ‘गोष्ट वाचतात’ या शेवटच्या रकान्यात बसवली होती. सगळेच बसवतात. कमी दाखवलं की साहेबांच्या भेटी सुरू होतात, आराखडे मागतात, फोटो मागतात, बैठका लागतात, आणि मग शिकवायचं कधी? ही सबब मी इतकी वर्षं देत होतो की ती मलाच पटली होती.

बाईंनी नवा तक्ता भरून माझ्यापुढे ठेवला. सही माझी लागणार होती. मी म्हणालो, ‘मे महिन्यात नऊ आणि जुलैमध्ये चार? सुट्टीत मुलं वाचायची विसरली असं लिहू का?’

‘तसं नका लिहू. जे आहे ते लिहा.’

‘तुमचं काय जातंय? नोटीस मला येणार.’

त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘माझ्या आजीला वर्गाबाहेर बसवायचे, सर. पायरीवर. दारातून जेवढं ऐकू आलं, तेवढंच ती शिकली. मी तर आत आहे. मला कसं बसवेल?’

एवढं ऐकूनही सही केली नाही हो! तीन दिवस तो तक्ता खणात ठेवून दिला. लाज वाटत होती आणि राग बाईंचा येत होता. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे.

चौथ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीची आई आली. जवळच्या नर्सरीत रोपं भरायला जाणारी बाई, कामाला जाता जाता दारात थांबली. हातात मुलीचं प्रगतिपुस्तक.

‘सर, ह्यात काय लिवलंय?’

‘वाचन उत्तम,’ मी म्हणालो.

‘मंग हिला गोळीच्या डबीवरचं का आलं न्हाय?’

झालं होतं असं. घरातल्या म्हातारीला झोपेची गोळी होती. औषधाच्या दुकानदाराने डबीवर लिहून दिलं होतं, ‘अर्धी गोळी’. आई कामावर, आजीचं औषध या पोरीकडे. पोरीला ‘गोळी’ वाचता आलं. ‘अर्धी’ आलं नाही, म्हणून तेवढा शब्द तिने सोडून दिला. म्हातारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठली नाही. दवाखान्यात नेलं, निभावलं.

‘मला काय वाचाया येत न्हाय,’ ती माउली म्हणाली. ‘पण ह्यात तुमी लिवलंय ना, म्हून मी हिच्यावर टाकलं.’ आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती गेली आणि मी खण उघडून सही केली. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्या तक्ता उचलून म्हणाल्या, ‘चला सर, उठा. पाच मुलं आहेत, आणि मार्चपर्यंतच वेळ आहे.’

नोटीस आलीच. बैठकीत माझं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं, शेजारच्या शाळांचे गुरुजी माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या शाळांत सगळी मुलं गोष्ट वाचत होती ना!

इकडे बाईंनी शाळेची उलथापालथ केली. सकाळी तासभर इयत्ता नाहीच. ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट. ती चौथीतली मुलगी दुसरीच्या पोरांत बसायची आणि मान वर करायची नाही. मग बाईंनी रस्त्याकडच्या भिंतीवर काळा रंग दिला आणि तिथे रोज गावाची बातमी लिहायची असं ठरवलं. बातमी आणायची मुलांनी, लिहायची मुलांनी, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा मोठ्यांना वाचून दाखवायची तीही मुलांनी. कोणाची म्हैस व्याली, कोणाकडे साखरपुडा ठरला. गाव भिंतीपाशी थांबायला लागलं.

एकदा त्या मुलीनेच लिहिलं: ‘काल सरपंचांकडे पाव्हणे आले. मटण झाले. काल एकादशी होती.’ अरे देवा! सरपंच फणफणत आले. बाई त्यांना म्हणाल्या, ‘बातमी खोटी असेल तर पुसते.’ सरपंच आले तसे निघून गेले. बातमी संध्याकाळपर्यंत राहिली. त्या दिवशी ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून हसली.

तरी बाईंना समाधान नव्हतं. पाचांतली तीन गोष्टीपर्यंत पोचली. चौथा मुलगा पोचत आला. ही एक मात्र नवा कागद दिसला की अडायची. बाई डबा उभ्याने खायच्या आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी गोष्ट लिहायच्या. मी ओरडायचो, ‘अहो, घास तरी गिळा!’

फेब्रुवारीत कागद आला. डोंगरातल्या एका शाळेत शिक्षकच नव्हता, म्हणून बाईंची तिकडे तात्पुरती नेमणूक. आमच्या खात्यात तात्पुरतं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक. मी अर्ज केला, दोनदा पंचायत समितीत जाऊन भांडलो. मुख्याध्यापक झाल्यापासून बारा वर्षांत मी कोणासाठी भांडलो नव्हतो. काही उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी बाई बारा गोष्टी लिहून माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. ‘या संपल्या की तुम्ही लिहा,’ म्हणाल्या. निरोपाचा नारळसुद्धा त्यांनी चालता चालता घेतला.

बारा गोष्टी दोन आठवड्यांत संपल्या. मग एकतीस मुलं आणि मी एकटा. लिहिल्या हो मीही! गोष्ट लिहिणं एवढं अवघड असतं हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

एप्रिलमध्ये तक्ता भरायची वेळ आली. त्या मुलीसमोर मी नवा कागद ठेवला. त्यावरचा छोटा उतारा तिने धडाधड वाचला. खालच्या गोष्टीत चार जागी अडली, दोनदा मागे गेली, पण शेवटपर्यंत आली. ‘गोष्ट वाचते’ असं लिहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. नोटीसही टळली असती. पेन हातात घेऊन मी वर्गात येरझाऱ्या घातल्या.

निकालाच्या दिवशी तिची आई आली, नर्सरीतून थेट, हाताला माती. मी प्रगतिपुस्तक आईला दिलं नाही, पोरीच्या हातात दिलं. म्हटलं, ‘तूच वाच.’

ती वाचायला लागली. ‘छोटा उतारा नीट वाचते. नवी गोष्ट अड... अडख...’ थांबली. माझ्या ओठांवर शब्द आला होता, तो मी गिळला. ‘अडखळत वाचते. सरावाची गरज आहे.’

आईने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘हे खरं हाय न्हवं, सर?’

‘खरं आहे,’ मी म्हणालो.

‘मंग ठीक हाय,’ ती म्हणाली. पुस्तक पदराने पुसलं आणि पोरीला घेऊन गेली.

मला त्या क्षणी बाईंची इतकी आठवण आली की भिंतीला हात टेकून उभा राहिलो. फोन लावला. तिकडच्या डोंगरात रेंज नसते. लागला नाही. शाळेला कुलूप घातलं, स्कूटर काढली, आणि हडपसर येईपर्यंत चार वेळा गाडी कडेला घेऊन पुन्हा पुन्हा फोन लावला.