आत्याच्या साऱ्या तक्रारी

आत्याला ऑफिसात सगळे आत्याच म्हणतात. सख्खी ती फक्त माझी, पण हा हक्क मला तिथे कधी बजावता आला नाही. उलट मी भाचा असल्यामुळे माझ्या चुका ती जरा मोठ्या आवाजात काढते, म्हणजे कुणाला पक्षपाताचा संशय नको.

आमचं ऑफिस एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. दुपारी खालून इस्त्रीची वाफ वर येते आणि खिडकीशी बसणाऱ्यांचे चष्मे धुरकटतात. दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो आम्ही. प्रोग्रामर मंडळी कोड लिहितात, पडद्यावरची बटणं आणि रंग मी ठरवतो आणि आम्ही सगळ्यांनी मिळून जे काही केलेलं असतं, त्यातल्या चुका आत्या काढते. या कामाचा तिला पगार मिळतो. घरी हेच ती फुकट करते.

आत्या टेस्टर आहे हे सांगितलं की लोकांना वाटतं, बसून बटणं दाबत असेल. दाबते, पण कशी दाबते ते बघायला हवं. ती पेशंटची जन्मतारीख उद्याची टाकते. एकाच माणसाला तेहतीस दात देते. जो दात गेल्या खेपेला काढून टाकला, त्याच दातात आज चांदी भरते. आणि सॉफ्टवेअरनं हे सगळं मुकाट्यानं मान्य केलं की तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, की बघणाऱ्याला वाटावं हिला बढती मिळाली. मग ती तक्रार लिहिते. तक्रारीचा तिचा साचा ठरलेला: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. माझ्या एका बटणाबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘हिरवं बटण दाबलं. पुढचं पान उघडायला हवं होतं. बटण आणखी हिरवं झालं.’ मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळाच.

या तक्रारी राहतात कुठे, ते सांगायला हवं. आमचा सगळा कोड इंटरनेटवरच्या एका साइटवर असतो. तिथे आमच्या सॉफ्टवेअरची एक पेटी आहे, तिला रेपो म्हणतात. पेटीत एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला तक्रारी, त्यांच्याखाली आमची उत्तरं, सबबी, भांडणं आणि शेवटी ‘दुरुस्त केलं’. आत्या आली तेव्हापासूनचं सगळं तिथे आहे.

यंदा एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. दवाखान्यांची साखळीच. त्यांनी अट घातली की कोड त्यांच्या खात्यात द्यायचा आणि आमच्याकडची पेटी पुसून टाकायची. मालक खुशीत होता. त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ‘कोड तेवढा तिकडे जाईल. शुक्रवारी जुनी पेटी पुसायची.’

‘आणि तक्रारी?’ आत्यानं विचारलं.

‘त्या कशाला? गिऱ्हाइकापुढे आपली लक्तरं वेशीवर टांगायची आहेत का, बाई? दुरुस्त झाल्या ना? मग झालं. ते सगळं आता वाचणार कोण?’

आत्या वळून आपल्या टेबलाशी गेली. एरवी ती वाक्य पुरं व्हायच्या आत बोलते. मला एकदम उमगलं की काय चाललंय. प्रोग्रामरनं लिहिलेला कोड राहणार होता. माझी बटणं, हिरवी असोत की आणखी हिरवी, राहणार होती. आत्यानं या ऑफिसात इतकी वर्षं जे काही लिहिलं, ते फक्त त्या तक्रारींमध्ये होतं. शुक्रवारनंतर ती इथे काम करत होती याची खूण म्हणून तिचा कप राहिला असता.

जेवणाच्या सुट्टीत बघतो तर ती एकेक तक्रार उघडून, हातानं उचलून दुसरीकडे उतरवत होती.

‘आत्या, अशानं तू निवृत्त होशील तरी संपणार नाही.’

‘मग दुसरं काय करू? मालकांना विचारलं मी. म्हणाले, आपल्याच खात्यात वेगळी पेटी करून ठेवायच्या तर ठेवा, पण माणूस देणार नाही.’

‘प्रोग्राम लिही.’

मी हे चिडवायला म्हणालो होतो. आत्यानं आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती. पण तिनं डबा बाजूला सारला आणि म्हणाली, ‘सांग.’ आता अंगावर आलंच होतं, तेव्हा मी शहाण्यासारखा सांगायला लागलो. माणसांना बघायला साइटची पानं असतात. प्रोग्रामला पानं नको असतात, त्याला मागच्या दारानं नुसती माहिती हवी असते. त्या दाराला एपीआय म्हणतात. तिथे कसं ठोठावायचं, ओळख काय दाखवायची, कुठल्या शब्दांत मागायचं, याचे नाना नियम आहेत. ते सगळे ठाऊक असलेला तयार कोड मिळतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. आपण तिला फक्त म्हणायचं, तक्रारी आण. मागच्या दाराशी काय बोलायचं ते ती बघून घेते.

आत्या विचारात पडली. ‘म्हणजे तुझ्या आईसारखी,’ ती म्हणाली. ‘आम्हां भावंडांना तुझ्या आजोबांकडे, अण्णांकडे काही मागायचं असलं की आम्ही वहिनीलाच पुढे करायचो. त्यांच्यापाशी कुठल्या वेळी जायचं आणि सुरुवात कुठून करायची, ते तिलाच जमायचं.’

मी इतका वेळ बडबडलो ते तिनं दोन वाक्यांत संपवलं. असो.

प्रोग्रामर मंडळी कोड हलवण्यात गळ्यापर्यंत बुडालेली होती, त्यामुळे आत्या एकटीच त्या लायब्ररीच्या सूचना वाचायला बसली. सूचना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मी पाहिलेली ती एकमेव व्यक्ती. साइटवरून तिनं ओळखीची किल्ली काढली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिनं पडद्यावर हात आडवा धरला. ‘कुणाला दाखवायची नाही असं लिहिलंय.’

‘अगं, मी तुझा भाचा!’

‘भाच्याला दाखवा असं लिहिलेलं नाही.’

मंगळवारी दुपारी तिच्या चार ओळींच्या प्रोग्रामनं मागच्या दारातून एक तक्रार उचलून आणली. नुसतं शीर्षक: ‘पेशंटला तेहतीस दात देता येतात.’ आत्या उठून उभी राहिली. ते शीर्षक तिनं आधी मनात वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग चहाच्या यंत्राशी उभ्या असलेल्या कुरिअरवाल्याला वाचून दाखवलं. त्या बिचाऱ्यानंही ‘अरे वा’ म्हटलं. मलाही फार आनंद झाला, तो मी दाखवला नाही ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी तिनं लायब्ररीला सगळ्या तक्रारी आणायला सांगितलं. तीस आल्या. मालक तिच्या टेबलावरून जाता जाता डोकावला. ‘एवढ्याच ना? उगाच बाऊ केलात, बाई.’

आत्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिनं यादी वरून खाली पाहिली. ‘माझी पोरं मी ओळखते,’ ती म्हणाली. ‘ही सगळी नाहीत.’ आणि काय केलं असेल? आपल्याच प्रोग्रामविरुद्ध तक्रार लिहिली. सगळ्या तक्रारी मागितल्या. सगळ्या यायला हव्या होत्या. सगळ्यांत नव्या तीसच आल्या. मग टेस्टरची खुर्ची सोडून प्रोग्रामरच्या खुर्चीत बसल्यासारखी तीच जरा सरकून बसली आणि सूचना पुन्हा वाचायला घेतल्या. तिथे लिहिलेलंच होतं: लायब्ररी एका खेपेला एकच पान आणते, पुढचं हवं असेल तर तसं सांगावं लागतं. ‘वहिनीचंही असंच होतं,’ आत्या म्हणाली. ‘अण्णांनी एकाला हो म्हटलं की ती परत यायची. बाकीच्यांचं काय, ते आपल्याला पुन्हा सांगावं लागे.’ तिनं सांगितलं आणि पानामागून पान येत गेलं. ‘दुरुस्त केलं’ असं तिनं स्वतःच्या तक्रारीखाली लिहिलं, मग ‘तपासलं, खरंच केलंय’ हेही लिहिलं.

आता तक्रारी नव्या पेटीत भरायच्या होत्या. इथे तिचा स्वभाव आडवा आला. प्रोग्राम चालवणारी आत्या, म्हणून नव्या पेटीत सगळी उत्तरंही तिच्याच नावावर लागणार होती. हे तिला पटेना. ज्याचं बोलणं त्याच्या नावावर हवं. म्हणून तिनं प्रत्येक उत्तराच्या आधी ते लिहिणाऱ्याचं साइटवरचं नाव घातलं, नावाआधी लागणाऱ्या ‘@’ या खुणेसकट, अगदी बिनचूक. आधी चार-पाच तक्रारींवर चालवून पाहिलं. त्यासाठी मुद्दाम अशा निवडल्या, की ज्यांना कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. काही बिघडलं तर दुसऱ्याच्या शब्दांना धक्का नको. ठाकठीक उतरल्या.

गुरुवारी दुपारी तिनं सगळा ढीग सोडला, नव्यापासून जुन्याकडे.

पहिला माझा फोन वाजला. साइटचा निरोप होता: तुमचा उल्लेख झाला आहे. उघडून बघतो तर, बटण आणखी हिरवं झालं. मी तोंड वाकडं करतोय तोवर शेजारच्याचा वाजला, मग पलीकडच्याचा, मग सगळ्यांचेच एकदम. ते नाव आणि आधीची ती खूण मिळून साइटला वाटतं, या माणसाला हाक मारली आहे, आणि साइट इमानेइतबारे निरोप धाडते. आत्याच्या चाचणीत हे दिसणार कसं? तिनं दुसऱ्याचं नाव नसलेल्याच तक्रारी निवडल्या होत्या. तिच्या सभ्यपणानं तिचा घात केला.

‘अरे देवा,’ आत्या म्हणाली, ‘जुन्या लोकांना पण जाणार का रे?’

जाणार होतेच. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं मालकानं खात्यातून कधी काढलीच नव्हती, कारण काढायचं बटण त्याला सापडलं नव्हतं. (ते साइटचं बटण, माझं नव्हे.) तिचं विचारून होतंय तोवर तिचाच फोन वाजला. धांदल होता. ज्याचं कुठलंही काम अर्धवटच हातावेगळं व्हायचं, म्हणून आम्ही ज्याला धांदल म्हणायचो, तो आता दुसऱ्याच देशात कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे.

‘आत्या, ते उद्याच्या जन्मतारखेचं अजून दुरुस्त झालं नाही? मी बघतो लगेच! मीटिंगमधून बाहेर आलोय!’

‘अरे, झालंय ते! तूच केलंस! जा परत आत!’

‘मी केलं? अख्खं?’ त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. ‘आत्या, आणखी पाठव ना. मजा येतेय.’

तेवढ्यात नव्या पेटीत खरीखुरी नवी उत्तरं यायला लागली. मौनी नावाचा एक होता, ज्याचा आवाज मी तो नोकरी सोडून जाताना पहिल्यांदा ऐकला. त्यानं चांगला परिच्छेद लिहिला होता: ‘आत्या, तक्रार कशी लिहायची हे मी तुमच्याकडून शिकलो. इथे माझ्या हाताखालच्यांना हाच साचा शिकवतो. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कुणी शिकवलं विचारतात, तेव्हा तुमचं नाव सांगतो.’ आत्यानं ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. खालच्या इस्त्रीला दोष देण्याची सोय होती, पण तिनं दिला नाही. सरळ म्हणाली, ‘मला रडू येतंय रे.’

आणि नेमकं तेव्हाच काचेच्या खोलीचं दार उघडलं. आत मालक त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधी बाईंबरोबर बसला होता. टेबलावर ठेवलेला त्याचा फोन मघापासून थरथरताना आम्हांला काचेतून दिसत होता. सगळ्यांत जास्त नाव त्याचंच असणार, कारण जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर पहिली कुरकुर त्याची. तो फोन हातात घेऊन आमच्या दिशेनं निघाला आणि सगळ्यांनी आपापल्या पडद्यांत डोकी घातली. फोन तेवढे वाजत होते.

आत्या उभी राहिली. ‘साहेब, चूक माझी आहे. थांबवते मी. निम्म्या झाल्यात, राहिलेल्या जाऊ देत.’ तिचं बोट कळफलकावर ठेवलेलं होतं. राहिलेल्या म्हणजे तिची पहिली वर्षं, हे मला माहीत होतं आणि मला मालकाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

मालकानं मान वर केली नाही. तो वाचत होता. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘इथे मी लिहिलंय, हे काम आहे की छळ? आणि खाली तुम्ही लिहिलंय, काम.’ त्याचे खांदे हलायला लागले. रागानं हलतायत की कशानं, ते आधी कळेना. मग तो असा काही हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. ‘त्या आठवड्यात मी दुकान बंद करायला निघालो होतो. विसरलोच होतो मी.’

‘थांबवू ना?’ आत्यानं विचारलं.

‘हात काढा तो,’ मालक म्हणाला. ‘आपलं ऑफिस दोनच टेबलांचं होतं, तिथवर अजून आलेलं नाही.’ आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला.

दोघं मिळून वाचायला लागली. काचेच्या खोलीतल्या बाईंना चहा मीच नेऊन दिला.