गडग्याबाहेरचा भागोजी

भागोजी मांडवकर मस्कतला कसा गेला, ती हकिगत आमच्या वाडीत अजून सांगतात. पण सांगणारे ती आंब्याच्या ट्रकपासून सुरू करतात. मी माझ्या पडवीपासून सुरू करतो, कारण परदेशी पोचण्याआधी तो माझ्या पडवीत राहिला होता.

भागोजी गवंडी. राजापुरापासून इकडे हमरस्त्याला लागून जी वाडी आहे, तिथे आमची घरं समोरासमोर, मध्ये फक्त बैलगाडीपुरता रस्ता. अंगाने सडपातळ, कपाळ मात्र रुंद, थेट राजाचं. मी नाटक मंडळी सोडून गावी परतलो आणि शिमग्यात पोरांचे खेळे बसवू लागलो, तेव्हा दर वर्षी त्याला राजाचं काम देऊ करायचो. तो म्हणायचा, "तुमी व्हा राजा, आबा. मी माघं उभा ऱ्हातो." आणि खरोखरच मागे उभा राहून झांजा वाजवायचा. उभ्या आयुष्यात मी पुष्कळ नट पाहिले, पण मागे उभं राहण्यात इतका समाधानी माणूस दुसरा पाहिला नाही.

असल्या माणसाला मस्कतचं बोलावणं आलं. मुंबईच्या एका एजंटाने तिकडच्या बांधकामावर गवंडी हवेत म्हणून त्याचं नाव घातलं होतं. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, विमानाचा वार ठरला. एजंटाने निरोप धाडला होता की ठरल्या दिवशी माणूस हजर झाला नाही तर त्याच्या जागी दुसरा जाईल, तो तयारच बसला आहे. घरात बायको सत्यवती आणि म्हातारी आई सोनूबाई. सोनूबाईला दिसायचं जेमतेम, आणि गेल्या वर्षापासून डोक्यात काळवेळ राहिली नव्हती. भर दुपारी ती दिवा लावायला सांगायची. माणसांत ओळख उरली होती ती एका भागोजीची, तीही आवाजावरून.

मुंबईची एस.टी. पहाटेची होती, पण गुरवाने सांगितलेला मुहूर्त आदल्या संध्याकाळचा निघाला. आमच्याकडे अशा वेळी माणूस मुहूर्तावर घराबाहेर पडतो आणि रात्र दुसऱ्याच्या घरी काढतो. एकदा देवापुढे गाऱ्हाणं घातलं, म्हणजे त्याची राखण मागितली, नारळ ठेवला, उंबरा ओलांडला, की काम होऊन येईपर्यंत मागे फिरायचं नाही. भागोजीने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती झोपेत होती. पिशवी आणि पत्र्याची पेटी घेऊन तो रस्ता ओलांडून आला आणि माझ्या पडवीत घोंगडी अंथरून बसला. एका रात्रीचा प्रश्न होता.

त्याच रात्री एस.टी.चा संप सुरू झाला.

सकाळी आम्ही थांब्यावर जाऊन उभे राहिलो. बराच वेळ गेला. मग राजापुराकडून सायकलवर येणाऱ्या एकाने सांगितलं की डेपोच्या फाटकाला कुलूप आहे आणि ड्रायव्हर-कंडक्टर बाहेर झाडाखाली बसले आहेत. दोन दिवसांत मिटेल, असं तो म्हणाला. तेव्हा सगळेच तसं म्हणत होते. रत्नागिरीच्या बंदरात बोट मिळते का पाहावं, असं मी सुचवलं. भागोजी म्हणाला, रत्नागिरीला जायचं तरी एस.टी.नंच ना. तो रागावला नव्हता की घाबरला नव्हता. पेटी उचलून परत माझ्या पडवीत येऊन बसला.

मे महिना. मुंबईची माणसं सुट्टी संपवून परतायच्या घाईत गावोगावी अडकली होती. हमरस्त्याने जाणाऱ्या ट्रकच्या टपावरसुद्धा बायका-पोरं दिसत. भागोजी रोज रस्त्यावर उभा राही. हात दाखवी, ट्रक थांबत नसे. आंबा वाटेत पिकतो, म्हणून आंब्याचे ट्रक तर कोणासाठीच थांबत नसत. एकदा एक थांबला होता, तेव्हा एक बाई कडेवर मूल घेऊन पुढे झाली आणि भागोजीने तिची पिशवी वर चढवून दिली. ट्रक गेला. हा खाली.

दुपारभर तो माझ्या पडवीत खांबाला टेकून असे. आमच्या घरातलं वाढलेलं जेवण निमूट जेवी. समोर त्याचं घर. पुढच्या अंगणाला त्याने स्वतः रचलेला गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडाची कुंपणभिंत. त्याच्या पलीकडे सत्यवती तांदूळ पाखडताना दिसे. ती मान वर करून पाही आणि पुन्हा सूप हलवी. नवरा-बायको एकमेकांच्या नजरेसमोर होते, पण बोलणं माझ्यामार्फत चाले. आबा, त्यांना विचारा, टॉवेल हवाय का. आबा, तिला सांगा, बकरीला पाला चुलतभाऊ आणील. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोललो, पण इतकी साधी वाक्यं माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

अवघड होती ती हाक. सोनूबाई आतून हाका मारायची. "भागोज्या... रे भागोज्या." सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. आवाज चिरका, पण रस्ता ओलांडून स्पष्ट येई. सत्यवती सांगे की ते परदेशी गेलेत. सोनूबाई बरं म्हणे, आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक सुरू. भागोजी ओ देत नसे. त्याचा चेहरा मी पाहायचो. त्यावर काहीच नसायचं. रंगभूमीवर आम्ही दुःखाला हात कपाळाशी नेत असू, छाती पिटत असू. हा माणूस नखाने पेटीवरचा गंज खरवडत बसलेला असायचा.

शेवटी मला राहवेना. मी गुरवाला गाठलं. गुरव म्हणाला, घरात गेला तर गाऱ्हाणं मोडलं. नवं घालता येईल, पण त्याला दिवस धरावा लागेल, आणि तो अमावास्येनंतर. तोवर विमान उडालेलं. हे ऐकून मी परत आलो आणि भागोजीला म्हटलं की देवाला माझ्यावर सोपव, मी समजावतो त्याला, एकदा आत जाऊन आईला भेटून ये.

त्याने घोंगडीची घडी घातली. मग म्हणाला, "देव नाय रागावायचा, आबा. पण मी आत गेलो तं परत भायेर नाय पडनार."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

विमानाला थोडेच दिवस उरले होते. त्याचा चुलतभाऊ रघू शेजारच्या वाडीत बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या ठोकायला होता. एका दुपारी तो धावत आला. बागायतदाराचा ट्रक भरत होता, संध्याकाळी मुंबईला निघणार होता आणि ड्रायव्हरने आणखी एका माणसाला पेट्यांवर बसवून न्यायचं कबूल केलं होतं. ट्रक आमच्या वाडीवरून जाताना थांबेल, पण क्षणभरच, असं रघूने दोनदा बजावलं. भागोजीने मान हलवली आणि पेटीला दोरी बांधायला घेतली. गाठ नीट बसेना. त्याने ती सोडली, पुन्हा बांधली.

सत्यवतीने हे पलीकडून पाहिलं. ती घरात गेली आणि रघूला आत बोलावून घेतलं. थोड्या वेळाने पाहतो तर दोघं सोनूबाईला खाटेसकट बाहेर आणत होते. खाट अंगणातून ओढत त्यांनी गडग्याला लावली. सत्यवतीने माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी निरोप न देता थेट नवऱ्याला म्हणाली, "आत नका येव. भायेरच उभं ऱ्हावा."

भागोजी उठला. रस्ता ओलांडून गडग्याशी गेला. दगडांवरून हात पलीकडे टाकून त्याने आईचा हात धरला.

"आवशी," तो म्हणाला.

सोनूबाईने मान वळवली. हात चाचपला, मनगटापर्यंत.

"आलास?"

मला वाटलं, तो खरं सांगेल, जातोय म्हणेल. सांगायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही.

"आलो," तो म्हणाला.

"लांब व्हतं?"

"व्हय. लांब व्हतं."

"वाळलास रे. खायाला नीट नव्हतं तकडं?"

"व्हतं. भात व्हता."

"आता नाय ना जायाचास?"

"नाय."

म्हातारी जरा वेळ त्याचा हात कुरवाळत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. "मग आत का नाय येत? परक्यासारका भायेर का हुबा?"

भागोजीने माझ्याकडे पाहिलं. रघूने मान खाली घातली. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, सहनट वाक्य विसरला तर किती वेळा सावरून घेतलं असेल, पण माझ्याही तोंडून शब्द निघेना. सत्यवती पुढे झाली. सासूच्या खांद्यावरचा पदर सारखा करत, रोजच्या आवाजात म्हणाली, "पाय धुतायत. लांबून आलेत ना. पाय धुवून येतायत."

बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, हे सोनूबाईने स्वतःच त्याला लहानपणी शिकवलं असणार. तिची समजूत पटली. "धू बाबा, धू," ती म्हणाली आणि तिने हात सोडला.

वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. रघूने पेटी उचलली. भागोजी हमरस्त्यापर्यंत चालत गेला, चाकावर पाय ठेवून वर चढला आणि पेट्यांवरच्या ताडपत्रीवर बसला. त्याने मागे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. वर बरीच माणसं होती. सत्यवती रस्त्यापर्यंत आलीच नाही. तिला खाट आत न्यायची होती.

तो विमानाला पोचला. संप त्यानंतर मिटला, एस.टी. पूर्वीसारखी सुरू झाली.

सोनूबाईने त्या दिवसापासून हाक मारणं सोडलं. अधूनमधून नुसतं विचारायची, भागोज्या खंय आहे. सत्यवती म्हणायची, पाय धुतायत. कधी चूल फुंकता फुंकता, कधी गुरांना पाणी दाखवताना. मी समोरून ऐकायचो. म्हातारी भाद्रपदात गेली, गणपती नुकते पाण्यात गेले होते. क्रियाकर्म रघूने केलं. मस्कतला कळलं तोवर बारावा होऊन गेला होता.

भागोजी दोन वर्षांनी आला. घरी पोचला त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला, माझ्यासाठी एक जाड घोंगडी आणली होती, फुलाफुलांची. मी त्याला सगळं सांगितलं, म्हातारी कशी शांत झाली होती, तिला अखेरपर्यंत वाटत होतं की मुलगा अंगणातच आहे. त्याला बरं वाटेल, असा माझा हिशेब होता. त्याने ऐकून घेतलं. मग या वर्षी आंबा कसा होता, ते विचारलं. मी म्हटलं, मध्यम.

दुसऱ्या दिवशी तो गडगा दुरुस्त करत होता. पावसाने एका बाजूचे दगड ढासळले होते. सुट्टी संपेपर्यंत त्याचं तेच काम चाललं होतं. या खेपेला तो निघाला तेव्हा एस.टी. वेळेवर होती आणि सत्यवती थांब्यापर्यंत आली होती. मुहूर्त त्याने विचारला नाही.