नमुन्याचा भाडेकरू

घर विकत घेण्याआधी त्यात दुसऱ्याला बसवून तो उदास होतो का ते बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ज्याला बसवलं जायचं तो मीच होतो. सत्तर सालाच्या आसपास माझी बदली जव्हारला झाली. मी साताऱ्याकडचा, घरी आई एकटीच. पहिल्याच आठवड्यात परतीच्या बदलीचा अर्ज टाकला, कचेरीतल्या एकाच्या ओटीवर वळकटी पसरली आणि पँट शिवायला बाजारातल्या शिंपीचाचांकडे गेलो. तीस वर्षं मशीन चालवून चाचांनी थोडी शिल्लक टाकली होती. पण आता सुईत दोरा ओवायला चाची लागायच्या. "हात चालतात साहेब, डोळे दगा देतात," माझं माप घेता घेता ते म्हणाले. "आता भिंतींनी कमवायला पाहिजे." एक घर घ्यायचं, ते भाड्यानं द्यायचं आणि त्यावर दोघांनी उरलेले दिवस काढायचे, असा बेत होता. ते घर रिकामं राहिलं तर दुसरं घ्यायला पैसे नव्हते आणि पुन्हा मशीनवर बसायला डोळे नव्हते.

चाचांचं म्हणणं असं की, जव्हार-मोखाड्यात भाड्यानं राहणार कोण, तर बदलून आलेले. हा माणूस मुळातच नाखूश. तेव्हा त्याला कमीत कमी वाईट वाटेल असंच घर घ्यायचं. त्यासाठी त्यांना नमुन्याचा भाडेकरू हवा होता आणि मी आयताच सापडलो. दर रविवारी ते मला एकेका रिकाम्या घरात नेऊन बसवायचे आणि स्वतः उंबऱ्याशी बसून माझ्या तोंडाकडे टक लावायचे. "घरची आठवण येते?" येते म्हटलं की घर नापास. बाजारालगतचं एक ऐसपैस घर तर मी दोनदा सुस्कारा सोडला म्हणून त्यांनी नाकारलं. वास्तविक मला सकाळच्या भज्यांनी पित्त झालं होतं, पण ते सांगायचा धीर झाला नाही.

मालकाशी ते फार बोलत नसत. "मालकाला घराची किंमत माहीत असते साहेब, घर भाडेकरूला माहीत असतं." खोडाळ्याला एका मालकानं चहा मांडून घराची तारीफ सुरू केली, तर चाचा सरळ मागच्या दारी गेले आणि तिथं भाड्यानं राहणाऱ्या ग्रामसेवकाच्या बायकोला पाण्याचं विचारलं. "होळी झाली का दोन टेकड्या उतरते चाचा," ती म्हणाली. चाचा परत आले, चहा संपवला, चहाची तेवढी तारीफ केली आणि उठले. विहीर वैशाखात बघायची आणि कौलं आषाढात, हाही त्यांचा नियम. भर पावसात खोलीच्या मधोमध ते मिटलेली छत्री घेऊन उभे राहत. छत्री उघडावी लागली की सौदा संपला. या पद्धतीनं दोन वर्षं गेली, आणि त्यांना येताना पाहून घर विकणारे दार लावून घेऊ लागले.

शेवटी शिरपामाळाच्या वाटेवरच्या दोन खोल्यांत मला बसवलं आणि मी भिंतीला टेकून चक्क झोपलो. जागा झालो तोवर चाचांनी विसार देऊन टाकला होता. पहिला भाडेकरू अर्थातच मी.

आठ महिने झाले आणि माझा अर्ज मंजूर झाला. तो हुकूम मी चार दिवस खिशात ठेवला. बहुतेक बदल्या उन्हाळ्यात होतात, वर्षाच्या अधेमधे रिकाम्या झालेल्या घराला माणूस मिळत नाही, हे आता मलाही कळत होतं. पाचव्या दिवशी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चाचा, मी बदली नाकारतो."

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझ्या भिंतींपायी आईला तिकडं एकटी ठेवणार? जा साहेब. नीट जा."

निघालो त्या दिवशी ते स्टँडवर आले आणि खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी बसलो. काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात शेजारी नाशिकची गाडी लागली आणि तिच्यातून एक पोरसवदा माणूस उतरला. हातात ट्रंक, काखेत वळकटी, चेहरा रडवेला. चाचा माझ्या खिडकीपासून हलले. त्यांनी त्याला काही विचारलं आणि त्याच्या काखेतली वळकटी आपल्या खांद्यावर घेतली.

आमची गाडी सुटली. ते दोघं रस्त्यानं बोलत चालले होते. मी वळणापर्यंत मागं पाहत होतो, चाचांनी एकदाही पाहिलं नाही. घर रिकामं राहणार नाही याचा मला आनंदच झाला. पण माझी जागा इतक्या लवकर भरेल असं मात्र वाटलं नव्हतं.