प्रस्तावनेसाठी ठेवलेली फाइल

वरणगावच्या फॅक्टरीत आधार तायडे यांनी तेहतीस वर्षं पॅकिंगमध्ये काढली. पेटी बांधली की ते सुतळीला आपली एक खास गाठ मारत. दोन वेढे, आणि टोक आत खोचलेलं. सोडणाऱ्याला ती पुन्हा तशी बांधता येत नसे. हाताला सवयच इतकी, की घरातली डाळीची पिशवीसुद्धा तशीच बांधली जाई. मग त्यांच्या पत्नी कलाबाई वैतागायच्या, "स्वयंपाक करू का गाठी सोडत बसू?"

हेच आधारभाऊ कविता लिहीत. तिशीत असताना त्यांनी पहिला संग्रह स्वतःच छापला, तीनशे प्रती. जळगावच्या एका संमेलनात एका कवीने तो हातात घेतला, सुरुवातीची पानं उलटली आणि विचारलं,

"प्रस्तावना कोणाची?"

"कोणाचीच नाही."

"मग भाऊ, वाचणार कोण?"

तो हसत चहाकडे वळला. आधारभाऊंच्या मनात मात्र ते वाक्य घर करून राहिलं.

म्हणून निवृत्तीनंतर दुसरा संग्रह तयार झाला तेव्हा त्यांनी घाई केली नाही. चौसष्ट कविता सुवाच्य अक्षरात उतरवल्या, निळ्या फाइलीत घातल्या, वरून सुतळी बांधली आणि ती धुळ्याला नानांकडे नेऊन दिली. नाना म्हणजे त्या भागातल्या कवींचं मोठं माणूस. त्यांच्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक काढणं म्हणजे वडीलधाऱ्यांना न विचारता लग्न ठरवणं, असं तिकडे मानत.

दर हिवाळ्यात आधारभाऊ भरताची वांगी घेऊन धुळ्याला जायचे. नाना पिशवीत डोकावून म्हणायचे, "या! फाइल समोरच आहे बरं का. दोन निवांत दिवस मिळू द्या. प्रस्तावना पण भरतासारखीच, घाई केली की कच्ची राहते." दोघं हसायचे. फाइल परत मागणं आधारभाऊंच्या जिभेवर कधी आलं नाही. मोठ्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

सहाव्या वर्षी कलाबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्या म्हणाल्या, "प्रशीलचे बाबा, राहू द्या ना ती प्रस्तावना. माह्या डोयांदेखत येऊ द्या ते पुस्तक."

"नाना लिहितायत. एवढा हिवाळा."

तो हिवाळा कलाबाईंनी पाहिला नाही. त्यानंतर आधारभाऊंनी चार कविता लिहिल्या आणि गॅसच्या पुस्तकात घडी करून ठेवल्या. ऐकवायच्या कोणाला? प्रशील पुण्याहून रविवारी फोन करायचा. "बाबा, फेसबुकवर टाका ना." ते "बघू" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

नवव्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, नाना गेले. हिवाळा लागल्यावर आधारभाऊ धुळ्याला गेले. वांगी याही वेळी घेतली होती; कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नानांची सून मृणाली हिने चहा दिला. आतून निळी फाइल आणून तिने पदराने पुसली.

"तुमचं नाव दिसलं म्हणून वेगळी काढून ठेवली, आबा. नाना तुमच्याबद्दल फार बोलायचे. कितीदा वाचली असेल त्यांनी!"

आधारभाऊंनी फाइल मांडीवर घेतली. सुतळी काळपटली होती. गाठीचे दोन वेढे जागच्या जागी होते, टोक आत खोचलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याच अंगठ्याने खोचलेलं.

मृणाली त्यांच्याकडे बघत होती. सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्याविषयी कोणीतरी चार शब्द बरे बोलावेत एवढंच तिला हवं होतं.

"हो ना," ते म्हणाले. "मलाही सांगायचे. अमुक ओळ आवडली, तमुक आवडली. वांगी ठेव बाई आत. नाहीतर सुकतील."

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडेपर्यंत फाइल तशीच मांडीवर होती. मग त्यांनी गाठ सोडली. इतक्या वर्षांनी स्वतःचंच अक्षर परक्यासारखं दिसलं. काही कविता वाचताना त्यांना लाज वाटली. काहींपाशी ते थांबले. एरंडोल येईपर्यंत दहा कवितांवर पेन्सिलीची काट बसली होती. नानांनी वाचल्या असत्या तर त्यांनीही बहुधा याच काढायला सांगितल्या असत्या. पण ते आता कळायचं नव्हतं.

जळगावचा छापखानेवाला राकेश पानं मोजून म्हणाला, "आबा, फर्मा सोळा पानांचा असतो. चार पानं उरतात. प्रस्तावना येणार आहे ना?"

"नाही."

"मग कोरी सोडू?"

आधारभाऊंनी खिशातून घडी केलेले चार कागद काढले. गॅसच्या पुस्तकाचा पिवळेपणा त्यांच्या कडांना लागला होता.

"ह्या घाल. सगळ्यांच्या आधी. प्रस्तावनेच्या जागी."

राकेशने पहिला कागद उलगडून वाचला. वाचून झाल्यावर तो दुसरा वाचू लागला. आधारभाऊ बाहेरच्या रहदारीकडे बघत उभे राहिले.

महिन्याभराने पुस्तकं घरी आली. पहिली प्रत त्यांनी कलाबाईंच्या फोटोपुढे ठेवली. घरात दुसरं कोणी नव्हतं. दुसरी प्रत मृणालीसाठी कागदात गुंडाळली, सुतळी घेतली, आणि सवयीने हाताने दोन वेढे घातलेच.

ते थांबले. वेढे उलगडले. मग लहान मुलाच्या बुटाच्या लेसला बांधतात तशी साधी सुरगाठ मारली, एका ओढीत सुटेल अशी.