जेवू न घालण्याचा शुक्रवार

इद्दर माझ्या बहिणीचा नवरा. खेचरं हाकणं हा त्याचा धंदा आणि लोकांना जेवू घालणं हा त्याचा आजार. मी त्याला दाजी म्हणतो, तोंडावर आदराने आणि पाठीमागे जरा वेगळ्या सुरात.

इंग्रजांची पोरं शाळा संपली की कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष रिकामं ठेवतात आणि घोळक्याने जग बघायला निघतात. आमच्या दरीतल्या पोरांचीही वर्षं रिकामी जातात, माझ्या पुतण्याची तर सलग सात गेली, पण त्याला कोणी कार्यक्रम म्हणत नाही. ती इंग्रजांची पोरं एका कंपनीमार्फत आमच्या तिगमात गावी येतात, पंधरा दिवस डोंगरात हिंडतात, आणि त्यांचं सामान, तंबू आणि पोट सांभाळायचं काम दाजीकडे असतं. बावीस वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आईच्या आठवणीने रडतंच. दाजी त्याला अंडं तळून देतो. रडण्यावर त्याने आजवर दुसरं औषध वापरलेलं नाही.

जेवताना त्याचं एक ठरलेलं नाटक असतं. पोरगं "पुरे" म्हणून छातीवर हात ठेवतं, की हा आमच्या भाषेत सुरू होतो, "बस रे, देवाशपथ, एक घास तरी! माझी शपथ मोडणार का?" आमच्याकडे शपथ घातली की विषय संपला. ज्याने आधी घातली तो यजमान, दुसऱ्याने निमूट खायचं. ऑक्टोबरात आलेल्या सात जणांत ग्वेन नावाची एक लाल केसांची मुलगी होती. तिला हे बोलणं फार आवडलं. बाकीची पोरं आभाराच्या एका शब्दावर थांबली, पण हिने बारा दिवसांत दाजीचं अख्खं नाटक हातवाऱ्यांसकट पाठ केलं. घोळक्यातला बार्नाबी, सहा फूट दोन इंच, नुसता खात होता.

त्या वर्षी पोरांबरोबर कंपनीची नवी बाई आली होती, हेस्टर. वय सत्तावीस, गळ्यात शिट्टी. एक दिवस ती माझ्या दुकानात आली आणि दाजीला समोर बसवून म्हणाली, "शुक्रवारी मुलं एकटी चालतील. तिगमातपासून डोंगरापलीकडच्या अगूनीपर्यंत. वाट स्वतः शोधायची, जेवण स्वतः शिजवायचं, सूर्य मावळायच्या आत पोचायचं. कोणाचीही मदत नको. ही त्यांची परीक्षा आहे."

"आणि मी?" दाजीने विचारलं.

"तुम्ही लांबून मागे राहायचं. दिसायचं नाही. कोणी पाय मोडला तरच पुढे यायचं. पलीकडच्या दरीत गेल्या वर्षी लोकांनी मुलांच्या पिशव्या उचलल्या, खाऊ घातलं. कंपनीने ती दरी सोडून दिली. इथेही तसंच झालं तर पुढच्या वर्षापासून आम्ही येणार नाही."

दाजीचा चेहरा उतरला. बारा घरांची खेचरं त्या कंपनीवर जगतात. पण खरं सांगायचं तर त्याला खेचरांचं तेवढं दुःख नव्हतं. पोरं येणारच नाहीत, या विचाराने त्याला घाम फुटला. त्याला स्वतःचं मूल नाही. हे तो कधी बोलत नाही, म्हणून मी सांगतो.

"शुक्रवारच का?" मी विचारलं.

"शुक्रवारी सगळे नमाजाला जातात, घरी असतात. वाटेत कोणी भेटणार नाही," बाई म्हणाली.

मी आणि दाजीने एकमेकांकडे पाहिलं. शुक्रवारी आमच्या प्रत्येक घरात कुसकुस, म्हणजे वाफवलेला जाड रवा, रांधतात, आणि परात अशी भरतात की वाटसरू आला तर तोही जेवून उठावा. पण पाहुण्याला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायचं कसं? आम्ही चहा ओतला.

बुधवारी दाजी कामाला लागला. वाटेवर चार वस्त्या आहेत, शेवटची म्हणजे माझ्या आईचं एकटं घर. तो पहिल्या तिन्ही वस्त्यांत दारोदार फिरला. मी बरोबर होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. प्रत्येक दारात तो हेच म्हणायचा, "शुक्रवारी दहाच्या सुमाराला माझी सात पोरं इथून जातील. त्यांच्यासाठी काही करू नका हं. चहासुद्धा नको. अगदी काही म्हणजे काही करू नका."

आणि प्रत्येक दारात घरची बाई हसून म्हणायची, "नाही करत हो भाऊ, निर्धास्त राहा."

परतताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दाजी, तुम्ही मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला येणार होतात, तेव्हा काय निरोप धाडला होता?"

"काही करू नका म्हणून."

"आणि आम्ही काय केलं?"

दाजी वाटेतच खाली बसला. "बोकड कापलात," तो म्हणाला.

आमच्या दरीत जन्माला आलेल्या माणसाने पाहुणे येण्याची वर्दी याच शब्दांत द्यायची असते. 'काही करू नका' हे ज्याने ऐकलं, त्याने मोठं पातेलं काढायचं. आणि या शहाण्याने वेळ आणि पोरांचा आकडाही सांगून ठेवला होता! परत फिरून "खरंच काही करू नका" म्हणावं, तर लोकांनी आणखी एक कोंबडी वाढवली असती.

राहिलं आईचं घर. "सासूबाईंना तू सांग," दाजी म्हणाला.

"मी? दहा वर्षं सांगतोय खाली माझ्याकडे राहायला ये म्हणून, ऐकलंय तिने कधी?"

दोघंही तिला न सांगता घरी आलो. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिला सगळं कळलेलं होतं, अगदी पोरांची नावं धरून.

शुक्रवारी हेस्टर जीपने वळसा घालून अगूनीला जाऊन बसली. पोरं निघाली, ग्वेनच्या हातात नकाशा, बार्नाबीच्या पाठीवर स्टोव्ह आणि परीक्षेचा शिधा: मॅकरोनी आणि सार्डिन माशांचे डबे. आम्ही वरच्या पाटाच्या कडेने, अक्रोडांच्या आडून, खेचर घेऊन मागे.

पहिल्या वस्तीत दारातच सतरंजी अंथरलेली. भाकरी, लोणी, मध, चहाचे तीन पेले. पोरं बिचारी छातीवर हात ठेवून नको नको म्हणाली, शपथ आली, पोरं बसली. दुसऱ्या वस्तीत कुसकुस. तिसऱ्या वस्तीतले पुरुष नमाजाहून परतत होते, त्यांनी पोरांना हाताला धरून नेलं आणि पुन्हा कुसकुस, डोंगराएवढा, वर भोपळा आणि मटण. दाजी अक्रोडामागून बघत होता आणि कपाळ बडवत होता.

"हम्मू, संपलो रे मी. बघ, बार्नाबीने आडवं अंग टाकलं."

"मग ओरडा त्यांच्यावर. उठा म्हणा."

"दिसायचं नाही ना! छातीवर हात ठेवून कबूल केलंय मी." मग न राहवून म्हणाला, "भोपळा मात्र छान शिजलेला दिसतोय."

असा माणूस! मला इतका राग आला की त्याला तिथेच पाटात ढकलावंसं वाटलं.

पोरं दुपारच्या नमाजानंतर चांगले दोन तास लोळली. ग्वेनने एकेकाचा पाय ओढून उठवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आता शेवटचा चढ, त्याच्या पायथ्याशी माझी आई, आणि चढापलीकडे अगूनी. तिथे पुन्हा दोन तास गेले की सगळं आटोपलं. दाजी आणि मी आडवाटेने धावत पुढे गेलो आणि आईच्या गोठ्याच्या भिंतीमागे दडलो.

माझी आई इज्जा पंच्याहत्तरीची आहे. तिच्या दारातून उपाशी गेलेला माणूस अजून जन्मायचाय. ती उंबऱ्यात उभी होती, काखेत दोन भाकऱ्या, मागे चुलीवर कोंबडी रटरटत होती, आणि तोंड शपथ घालायला उघडं.

ग्वेनने तिला पाहिलं. तिने काय ओळखलं कोण जाणे, पण ती लांबूनच पळत सुटली आणि आईचा शब्द फुटायच्या आत तिचा हात धरून आमच्या भाषेत, दाजीच्याच सुरात ओरडली, "बस ग आई, देवाशपथ, एक घास तरी! माझी शपथ मोडणार का?"

आईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

शपथ पडली होती. आधी पडली होती. आता यजमान ग्वेन होती, आणि माझी आई स्वतःच्याच अंगणात पाहुणी! पोरांनी तिला सतरंजीवर बसवलं, पाठीशी स्वतःच्या पिशव्यांचा लोड दिला आणि स्टोव्ह पेटवला. आई दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा बार्नाबीने ग्वेनकडून ऐकलेली शपथ घालून खाली बसवली. मॅकरोनीचा लगदा झाला, सार्डिनचे डबे तेलासकट त्यात उलटे केले, मीठ दोघांनी वेगवेगळं घातलं. पहिली ताटली आईच्या हातात.

आईने एक घास घेतला. तोंड वाकडं केलं. मग दुसरा घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

"काय झालं हिला?" दाजी माझ्या कानात कुजबुजला.

मला माहीत होतं काय झालं ते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून साठ वर्षं ती शेवटी जेवत आलीय, उभ्याने, जे उरेल ते. तिला आधी वाढून, समोर बसून, 'घे' म्हणणारं मी कोणाला पाहिलेलं नाही. मी स्वतः म्हटलं नव्हतं. भिंतीमागे मला फार लाज वाटली.

तेवढ्यात आमचं खेचर ओरडलं.

"इद्दर!" ग्वेनने भिंतीकडे न बघताच हाक मारली. "सकाळपासून दिसतोयस. ये, बिस्मिल्ला, जेवायला बस!"

दाजी कानकोंडा होऊन बाहेर आला. "मी मदत करायला नाही आलो," तो म्हणाला.

"कोण म्हणतंय मदत कर? खा!" आणि शपथ घातली. मलाही घातली. तसली मॅकरोनी मी जन्मात खाल्ली नव्हती, पुढेही खाणार नाही, पण दाजीने दोनदा घेतली.

ताटल्या विसळून पोरं चढाला लागली ती जवळजवळ पळतच. आम्ही मागे. अगूनीत पाऊल टाकलं तेव्हा मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग व्हायचीच होती. हेस्टर घड्याळ बघत उभी होती.

"कोणी मदत केली?" तिने विचारलं.

"मदत?" बार्नाबी पोटावर हात ठेवून दगडावर बसला. "अडवलं सगळ्यांनी! तीन ठिकाणी धरून ठेवलं. निसटून आलोय आम्ही."

"स्वयंपाक?"

"आम्हीच केला."

ती दाजीकडे वळली. "इद्दर, खरं सांगा."

दाजीने छातीवर हात ठेवला. "मी त्यांना काही दिलं नाही. त्यांनीच मला दोन ताटल्या दिल्या," तो म्हणाला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा पोरांसमोर रडला. बार्नाबी म्हणाला, "कोणीतरी याला अंडं तळून द्या रे."

बाईने वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. हिवाळ्यात कंपनीचं पत्र आलं. पुढची पाच वर्षं हीच दरी, आणि परीक्षा शुक्रवारीच, कारण यापेक्षा अवघड वाट त्यांना कुठे सापडली नव्हती.

पत्र वाचून दाखवायला मी आणि दाजी आईकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं, भाकरी थापत राहिली. निघताना मात्र दारापर्यंत आली, जरा लाजली, आणि दाजीला म्हणाली, "पोरं कधी येणार तेवढं आधी कळव. आणि त्यांना सांग, माझ्यासाठी काही करू नका म्हणावं."