उसना दिलेला फिटर

बाळांनो, परवा थोरल्याने फोनवर सांगितलं की कंपनी त्याला काही महिने परदेशातल्या एका खाणीवर पाठवते आहे. तिथे आजारी पडलास तर, असं विचारलं तर तो हसला. "आजी, कंपनी बघते सगळं." मी फोन ठेवला. तेव्हा बोलले असते तर तुम्ही ते म्हातारीचा तापटपणा म्हणून सोडून दिलं असतं, म्हणून लिहिते आहे. कंपनी कसं बघते ते मी पाहिलं आहे.

तुमचा काका लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. या धंद्यात एक रीत आहे. फिटर यंत्र बसवायला दारव्ह्याच्या जिनिंगवर गेला की त्याचं खाणं, झोपणं सगळं गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. शेजारच्या जिनिंगचं यंत्र अडलं तर पार्टी आपला फिटर तिकडे उसना देते. कारखान्याला कोणी विचारत नाही. घरी निरोप जीपवाला आणतो: "काकू, तुमचा पोरगा उद्या येईन, दुसरीकडे मशीन बिघडली." दारव्ह्यात हे चालतं, कारण तिथे जीपवाला सगळ्यांना ओळखतो.

मालकाने हीच रीत पूर्व आफ्रिकेत नेली. तिकडे यंत्रं विकली आणि ती बसवायला तुमच्या काकाला धाडलं. विमानाचं तिकीट दिलं, पार्टीचा नंबर दिला, संपलं. हिवतापाच्या गोळ्या? दवाखाना कोणता? मी विचारायला गेले तर म्हणाला, "काकू, पार्टी घरच्यासारखी हाय. दारव्हा असो का आफ्रिका, फिटर तो फिटरच असते."

तुमचा काका रोज संध्याकाळी घरी फोन करायचा. तो फोन थांबला. दोन दिवस वाट पाहून मी आणि तुमची काकू लोहाऱ्याला गेलो. नेमकी वसाहतीची आठवडी सुट्टी. फाटकाला कुलूप, आत ऑफिसात टेलिफोन सारखा वाजतो आहे, आणि चौकीदाराकडे ऑफिसची किल्ली नाही. तो फोन कुठून येत होता हे पुढे कळलं. आजही आठवलं की डोकं तापतं.

तिथून तडक मालकाच्या बंगल्यावर गेलो. तो पोहे खात होता.

"सुट्टीच्या दिवशी कायले तरास घेतला, काकू? रेंज नसन."

"तो आहे कुठे?"

"पार्टीकडे. अजून कुठं राह्यते?"

"मग लावा फोन."

मालकाने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून पार्टीचा मॅनेजर इंग्रजीत शांतपणे म्हणाला की तो माणूस आता इथे नाही. आमचं काम झालं, म्हणून उत्तरेकडच्या एका मित्राच्या जिनिंगला दिला. मालकाने मान हलवली. "बरोबर हाय. आपल्याकडं बी देतेच ना."

तुमची काकू त्याच्यासमोर कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "उसनं देल्लं वापस आनाव लागते, भाऊ. आना माह्या नवऱ्याले."

"वहिनी, तो का लहान लेकरू हाय?"

"लहान लेकरू असतं," मी म्हटलं, "तर शाळेनं हजेरी तरी घेतली असती."

मी त्याच्या हातातून फोन घेतला, मॅनेजरकडून दुसऱ्या जिनिंगचा नंबर काढला आणि तिथे लावला. तुमचा काका तिथल्या एका खोलीत तापाने बरळत पडला होता. त्याचा स्वतःचा फोन केव्हाच बंद पडलेला. त्या लोकांकडे आपला एकच नंबर होता, यंत्रावरच्या पितळी पट्टीवर ठोकलेला कारखान्याचा. सकाळपासून ते तोच लावत होते. परक्या माणसाला कोणाच्या जबाबदारीवर दवाखान्यात न्यावं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

"त्यांना सांगा, जबाबदारी तुमची," मी मालकाला म्हटलं.

त्याने आधी दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. मग सांगितलं. त्यांनी गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, हिवताप मेंदूपर्यंत गेला होता. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

थोरल्या, तुझी कंपनी त्या कारखान्यापेक्षा मोठी आहे, पण मोठ्या ऑफिसलाही कुलूप लागतं. तू कुठे आहेस, जागा बदललीस तर कोणाला कळतं, सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलणार, कुठल्या डॉक्टरकडे नेणार, आणि धोका दिसला तर परत फिरायची मुभा आहे का, हे निघण्याआधी विचार. "सिस्टिम आहे" असं उत्तर आलं तर माणसाचं नाव माग. नाव मिळालं नाही तर जाऊ नकोस. नोकरी गेली तरी चालेल.

तो मालक लग्नाकार्यात भेटला की अजून चारचौघांत सांगतो, "आपल्या फिटरले आपणच वाचवलं." मी तिथून उठून जाते. तुमच्या काकाने तो कारखाना सोडला. आता तो बाभुळगावच्या एका जिनिंगवर काम करतो आणि रोज घरी जेवतो. त्या आजारपणात त्याचा उजवा कान गेला. डाव्या कानाने त्याला ऐकू येतं.